सत्ताशास्त्र आणि यंत्राची वही

सत्ता हा शब्द उच्चारला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मंत्रालय उभे राहते, विधानभवन उभे राहते, फार तर जिल्हा परिषद. त्यात गैर काही नाही. राजकीय सत्तेशिवाय आपल्या प्रश्नांची कुलपे उघडणार नाहीत, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. परंतु तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सत्ता या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. सत् म्हणजे जे आहे ते, आणि सत्ता म्हणजे असलेपण. जगात काय काय आहे, जे आहे त्याचे प्रकार किती, एक प्रकार दुसऱ्यापासून कशाने वेगळा ठरतो, अमुक एक वस्तू बदलली तरी तीच राहते म्हणजे काय, या प्रश्नांचा विचार करणारे शास्त्र ते सत्ताशास्त्र. इंग्रजीत त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत हा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातून उठून संगणकाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला आहे, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, जो गाजावाजा चालला आहे त्याच्या मुळाशी हा जुनाच प्रश्न आहे. या विषयात पीएच.डी. करणारी मुले जगभर आहेत. आपली किती आहेत, हा प्रश्न मला पडतो.

पीएच.डी.चे नाव काढले की एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विधिमंडळातच विचारले होते की ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार? त्याच वर्षी बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून आपले संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर बसले होते. मंत्रिमहोदयांच्या प्रश्नाचे उत्तर चळवळीने त्या वेळी मोर्चाने दिले, ते योग्यच झाले. पण त्याला आणखी एक उत्तर आहे. एआय ज्याला म्हणतात त्या शास्त्राच्या इमारतीच्या कितीतरी विटा या पीएच.डी.च्या प्रबंधांनीच रचल्या आहेत. रॉस क्विलियन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९६६ साली कार्नेगीमध्ये प्रबंध लिहिला. शब्दांचे अर्थ यंत्रात साठवायचे तर ते एकमेकांना जोडलेल्या जाळ्यासारखे साठवावेत, ही कल्पना त्याने मांडली. एडवर्ड शॉर्टलिफ याने सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेटसाठी मायसिन नावाची प्रणाली केली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणते औषध द्यावे, हे ती काही शे नियमांच्या आधारे सांगत असे. रोनाल्ड ब्राकमन याने १९७७ साली हार्वर्डमध्ये प्रबंध सादर केला. त्यातून पुढे जे वर्णनात्मक तर्कशास्त्र उभे राहिले, त्याच्यावर आजच्या यंत्रवाचनीय सत्ताशास्त्राचा पाया आहे. हे तिघेही त्या वेळी विद्यार्थी होते. दिवे असेच लागतात.

आता विषयाकडे वळू. पाश्चात्त्य परंपरेत ही चर्चा ॲरिस्टॉटलपासून सुरू होते. जे जे म्हणून आहे त्याचे त्याने दहा प्रकार केले. पुढे तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने त्याच विचाराला झाडाचा आकार दिला. वर द्रव्य, खाली सजीव, त्याखाली प्राणी, त्याखाली माणूस. शाळेच्या पुस्तकातला वर्गीकरणाचा तक्ता आठवा, तो याच झाडाचा वंशज. ऑन्टॉलॉजी हा शब्द मात्र बराच उशिरा आला. १६०६ साली याकोब लोरहार्ड याच्या आणि १६१३ साली रुडॉल्फ गॉक्लेनियस याच्या ग्रंथात तो छापलेला सापडतो. विसाव्या शतकात क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९४८ च्या आपल्या निबंधात हा प्रश्न नव्याने धारदार केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, तुम्ही जो सिद्धांत खरा मानता, तो खरा ठरण्यासाठी ज्या वस्तू असाव्याच लागतात, त्या वस्तूंचे अस्तित्व तुम्ही मान्य केलेलेच असते. तोंडाने नाकारून सुटका नाही. आम्ही वकील याला कबुलीजबाब म्हणतो.

संगणकवाल्यांना याची गरज का पडली? मायसिनला औषध कळत होते, पण रुग्ण म्हणजे काय हे कळत नव्हते. त्याच्या लेखी माणूस आणि नमुन्याची बाटली यांत फरक नव्हता. फरक कुणी लिहूनच दिला नव्हता. तेव्हा असा विचार पुढे आला की नियम लिहिण्याआधी यंत्राला जगात काय काय आहे ते सांगावे लागेल. एआय या नावाचे जनक जॉन मॅकार्थी आणि त्यांच्यासोबतचे पॅट हेज यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा मुद्दा लावून धरला. १९८४ मध्ये डग्लस लेनॅट याने टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे साइक नावाचा प्रकल्प हाती घेतला. पाण्यात पडलेली वस्तू भिजते, मेलेला माणूस बाजारात जात नाही, असले व्यवहारज्ञान एकेक वाक्य करून यंत्रात भरायचे, हा उद्योग लेनॅट २०२३ मध्ये वारला तोपर्यंत करीत होता. काहींनी त्याला वेड्यात काढले. मला तसे वाटत नाही. माणसाला किती गोष्टी न शिकवता कळतात, याचा पहिला प्रामाणिक हिशेब त्याने मांडला.

मग १९९३ साली स्टॅनफर्डच्या टॉम ग्रुबर यांनी संगणकशास्त्रापुरती या शब्दाची व्याख्या केली. जगाविषयी आपण मनात जी मांडणी गृहीत धरतो, ती उघडपणे, नेमकेपणाने लिहून काढणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. हेच ग्रुबर पुढे मोबाइलमधल्या सिरी या बोलक्या मदतनिसाच्या संस्थापकांपैकी एक झाले. या व्याख्येतला ‘मनात गृहीत धरलेली मांडणी’ हा भाग वाचकांनी नीट पाहावा. एक घरगुती उदाहरण देतो. इंग्रजीत अंकल हा एक शब्द. इंग्रजी माणसाने नात्यांची वही तयार केली तर तो एकच रकाना आखील. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, मावसा वेगळा, आत्याचा नवरा वेगळा. मामाच्या मुलीशी लग्न चालते आणि काकाच्या मुलीशी चालत नाही, अशा घरांत हा फरक शब्दापुरता राहत नाही, त्याच्यावर संसार उभे असतात. तेव्हा वही कोणी आखली, हा पहिला प्रश्न. रकानाच नसेल तर माणूस लिहायचा कुठे?

ही वही आज जगभर वापरात आहे. टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अर्थ समजणाऱ्या वेबची कल्पना मांडली, आणि तिच्यासाठी औल नावाची भाषा २००४ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९८ पासून जनुकांची सामाईक वही सुरू केली. एका प्रयोगशाळेचा शब्द दुसरीला समजावा, एवढाच साधा हेतू होता, पण आजचे जीवशास्त्र त्याशिवाय चालत नाही. दवाखान्यांसाठी स्नोमेड सीटी नावाची वही आहे, तिच्यात आजार, लक्षणे, शस्त्रक्रिया मिळून तीन लाखांवर संकल्पना आहेत. भारत २०१४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला. बॅरी स्मिथ या तत्त्वज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बसून सर्व शास्त्रांना चालेल असा सर्वांत वरचा मूळ तक्ता तयार केला, आणि २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे काम नटबोल्टसारखे मानक होऊन बसले! तत्त्वज्ञान घेऊन कुणाचे पोट भरले, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते इटलीतले काम. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांनी २००० च्या आसपास ऑन्टोक्लीन नावाची एक कसोटी काढली. वही आखताना कोणत्या चुका होतात, त्या कशा पकडायच्या, याची ती पद्धत. त्यातला मुख्य भेद असा आहे. काही प्रकार असे असतात की ती वस्तू आहे तोवर ती त्या प्रकारची असतेच. माणूस हा माणूस असल्याशिवाय राहू शकत नाही. काही प्रकार मात्र भूमिकेसारखे असतात, ते येतात आणि जातात. विद्यार्थी आज विद्यार्थी आहे, उद्या नसेल, पण तो नाहीसा होत नाही. आता नियम असा की, भूमिकेच्या खाली मूळ प्रकार टाकता येत नाही. ‘प्रत्येक माणूस हा एक प्रकारचा ग्राहक आहे’ असे वहीत लिहिले तर कसोटी ती चूक म्हणून पकडते. कारण मग ग्राहक असणे थांबले की माणूस असणेही थांबेल.

ही कसोटी वाचताना ज्याला वासेट्ठ सुत्त आठवणार नाही, त्याने ते पुन्हा वाचावे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण इच्छानंगल येथे वाद घालीत होते, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? वाद मिटेना म्हणून ते भगवान बुद्धांकडे गेले. भगवंतांनी आधी गवताचे, झाडांचे, किड्यामुंग्यांचे, चतुष्पादांचे, सापांचे, माशांचे, पक्ष्यांचे उदाहरण दिले. या सर्वांत जातीजातींचे वेगळे चिन्ह जन्मतःच दिसते. मग त्यांनी माणसाचे केस, डोके, कान, डोळे, एकेक अवयव घेऊन दाखवले की असे वेगळे चिन्ह माणसामाणसांत नाही. जो गाई राखून जगतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी, जो चोरी करतो तो चोर. ही नावे व्यवहाराने पडलेली आहेत. म्हणजे माणूस हा मूळ प्रकार आणि ब्राह्मण ही भूमिका. इथल्या व्यवस्थेने नेमके उलटे केले. जात वर ठेवली आणि माणूस तिच्याखाली घातला. आधी जात, मग माणूस. ग्वारिनोंच्या कसोटीत हा तक्ता पहिल्याच फेरीत नापास होतो.

इथे एक खबरदारी घेतो. याचा अर्थ भगवान बुद्धांनी एआय सांगून ठेवले होते असा कोणी काढू नये. पुष्पक विमानवाल्यांची ती खोड आहे, आपल्याला ती नको. त्यांच्याच एका आवडत्या दाव्याविषयी सांगून ठेवतो. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचे नासाने मान्य केले, असे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून संसदेपर्यंत ऐकू येते. मूळ काय आहे? रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ साली एआय मॅगझिनमध्ये एक लेख लिहिला. तो नासाच्या केंद्रात काम करीत होता, एवढाच नासाचा संबंध. जुन्या व्याकरणकारांनी वाक्याची जी फोड केली ती संगणकातल्या अर्थजाळ्यांशी जुळते, असे त्याने दाखवले. ते निरीक्षण चांगलेच आहे. पण संस्कृतात संगणक चालवा असे त्याने कुठे दाखवले नाही आणि नासाने तसा काही ठराव केला नाही.

भारतात सत्तेची चर्चा नव्हती असे मात्र नाही. ती कडाक्याची होती, आणि तिच्यात आपला पक्ष कोणता होता हे आपल्या संशोधकांना माहीत असायला हवे. वैशेषिकांनी पदार्थांची यादी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. यातल्या सामान्याला न्यायशास्त्रात दुसरे नाव आहे जाती. सगळ्या गाईंत असलेले गायपण ही जाती, आणि ती नित्य व खरीखुरी आहे असे त्यांचे मत. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने याच धाग्याने ब्राह्मणपण हेही खरेखुरे सामान्य आहे, आईबाप माहीत असले की ते डोळ्यांना दिसते, असा युक्तिवाद केला. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी अशा नित्य सामान्याचे अस्तित्वच नाकारले. गाय हा शब्द कुठल्या गायपणाकडे बोट दाखवीत नाही, जे गाय नाही ते वगळतो आणि आपले काम भागवतो, असा त्यांचा अपोह सिद्धांत. धर्मकीर्तीने तर जातीचा गर्व ही मूर्खपणाची खूण म्हणून नोंदवून ठेवली. म्हणजे तर्कशास्त्राच्या आखाड्यात जे चालले होते त्याचा गावकुसाशी संबंध होता. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला तेव्हा त्यांनीही हाच मूळ प्रश्न विचारला, जात ही चीज आहे तरी काय? त्यांचे उत्तर असे की, वर्गाने आपली दारे लावून घेतली, पोटजातीबाहेर लग्न बंद केले, आणि त्यातून जात झाली. शिवाय एकटी जात असूच शकत नाही, ती दुसऱ्या जातींच्या संबंधातच असते, हेही त्यांनी तिथेच दाखवले. ऑन्टॉलॉजीच्या आजच्या विद्यार्थ्याने हा निबंध आपल्या विषयाचा ग्रंथ म्हणून वाचावा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. यंत्राच्या वहीचे दोन पंथ आहेत. एका पंथात वहीत जे लिहिलेले नाही ते खोटे धरले जाते. याला बंद जगाचे गृहीतक म्हणतात. रेल्वेच्या आरक्षणाला ते ठीक आहे. यादीत नाव नाही म्हणजे तिकीट नाही. दुसऱ्या पंथात वहीत लिहिलेले नाही याचा अर्थ फक्त ‘अजून माहीत नाही’ एवढाच होतो. औल भाषा या दुसऱ्या, खुल्या जगाच्या पंथातली. जात पडताळणी समितीसमोर उभा राहिलेला आपला मुलगा कोणत्या जगात उभा असतो? महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याचे कलम ८ सांगते की सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाला शाळेच्या दारात उभे केले नाही, त्याच्याकडून आजोबाच्या शाळेचा दाखला मागायचा! नोंद नाही म्हणजे तू नाही. ज्यांनी नोंदीची वही चालवली त्यांनीच आम्हाला वहीबाहेर ठेवले, आणि आता वहीच पुरावा. गृह चौकशी आणि इतर पुरावा विचारात घेण्याची सोय कायद्यात आहे, हे मान्य. पण उद्या ही पडताळणी पूर्णपणे यंत्राकडे गेली आणि यंत्र बंद जगाच्या पंथाचे निघाले तर त्या सोयीचे काय होईल?

हे प्रश्न न्यायालयांना नवीन नाहीत. हलबा आणि हलबा-कोष्टी एकच की वेगळे, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद प्रकरणात सांगितले की यादीत जे नाव आहे तेच वाचायचे, न्यायालयाला त्यात भर घालता येत नाही. धनगर आणि धनगड ही एकच नोंद आहे हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. एका अक्षराने समाजाचे भवितव्य ठरते. जमातीच्या चालीरीती विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले. हे तिन्ही निकाल वाचले तर लक्षात येईल की न्यायमूर्ती जे करीत होते ते सत्ताशास्त्रच होते. नाव म्हणजे वस्तू का, आणि वस्तू ओळखायची कशी?

याहून मोठा गोंधळ २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत झाला. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती मोजल्या गेल्या होत्या. २०११ ला नोंदी किती आल्या? ४६ लाखांहून अधिक. महाराष्ट्र शासनाने ही माहिती मागण्यासाठी याचिका केली, तेव्हा केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथपत्रावर हे सांगितले आणि माहिती वापरण्याजोगी नाही म्हणून हात वर केले. डिसेंबरमध्ये याचिका फेटाळली गेली. चार हजारांच्या ४६ लाख जाती कशा झाल्या? प्रगणकाने जे ऐकले ते लिहिले. जात, पोटजात, आडनाव, गोत्र सगळे एकाच रकान्यात, आणि एकाच नावाची स्पेलिंगे चाळीस चाळीस. मोजणीपूर्वी वहीच आखली नव्हती. ज्याला संगणकाचे दोन पाठ झालेत तोही म्हणेल की आधी जातींची संकेतसूची करा, पर्यायी नावे तिला जोडा, मग घरोघर जा. हे काम अज्ञानाने राहिले की मुद्दाम, याचा निवाडा वाचकांनी करावा. माझे मत झालेले आहे. १ मार्च २०२७ च्या संदर्भ दिनांकाची जनगणना जातीच्या नोंदीसह आणि डिजिटल पद्धतीने होणार असे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्या यंत्रातली यादी कोणी केली, कोणत्या नियमाने केली, हे मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आता चॅटजीपीटी आले, त्याला कुणी वही आखून दिली नाही, ते आपले आपण शिकले. हे अर्धे खरे आहे. २०१७ नंतरच्या या यंत्रांना कोट्यवधी पाने वाचायला दिली जातात आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ती शिकतात. उघड वही नाही. पण छुपी वही आहेच, ज्यांनी पाने लिहिली त्यांची. २०२३ साली इंडियन-भेद नावाचा एक संच संशोधकांनी तयार करून अशी यंत्रे तपासली, तर जातीविषयीचे साचेबंद ग्रह ती सर्रास उगाळताना आढळली. आणि जे नाही ते आहे म्हणून सांगण्याची खोड वेगळीच. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा खोटे निवाडे सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. यंत्राच्या लेखी खरा निवाडा आणि निवाड्यासारखे दिसणारे वाक्य यांत फरक नव्हता. म्हणूनच आता पुन्हा या बोलक्या यंत्रांना पडताळलेल्या ज्ञानजाळ्याला बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत, आणि ऑन्टॉलॉजीवाल्यांना मागणी आली आहे. टोरांटोचे ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात म्हटले होते की यंत्र हिशेब करते, पण न्यायबुद्धी वेगळी असते. तिच्यासाठी जगाविषयी काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. जुन्या एआयची चूकही त्यांच्या मते सत्ताशास्त्राचीच होती, जग आधीच नीटस तुकड्यांत कापलेले मिळते असे त्या लोकांनी धरून चालले.

मध्यंतरी तत्त्वज्ञानात एम.ए. झालेली एक मुलगी कार्यालयात आली होती. “जय भीम सर, ऑन्टॉलॉजीत पीएच.डी. करायची म्हणते, घरचे म्हणतात नोकरी कुठे मिळेल?” मी तिला सांगितले ते इथे लिहितो. या विषयाला दोन दारे आहेत, तत्त्वज्ञानाचे आणि संगणकाचे, आणि एका दाराने शिरलेल्याला दुसऱ्याची भाषा शिकावीच लागते. तर्कशास्त्र टाळता येत नाही. साधने मात्र महाग नाहीत. स्टॅनफर्डने तयार केलेले प्रोटेजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या संगणकावर चालते. भारतात बेंगळुरूला भारतीय सांख्यिकी संस्थेचे डीआरटीसी हे केंद्र आहे. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांनी ते १९६२ मध्ये सुरू केले आणि तिथे ऑन्टॉलॉजीवर काम होते. बाहेर बफेलो आहे, इटलीत त्रेंतो आणि बोल्झानो, नेदरलँड्समध्ये ट्वेंटे आणि ॲमस्टरडॅम. परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना नियम नीट वाचावेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमावलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे परदेशात जाऊन यंत्राच्या सत्ताशास्त्राचा अभ्यास करा, जातीच्या सत्ताशास्त्राचा नको. ही अट कुणाच्या सोयीची आहे हे सांगायला वकील लागत नाही.

तिने विचारले, विषय कोणता घेऊ? एक विषय मी सुचवला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद घ्यावा. त्यात धर्माच्या रकान्यावर जातीचा रकाना अवलंबून ठेवला आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख जोडले, १९९० मध्ये बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला ते केंद्राच्या वहीतून चौतीस वर्षे अनुसूचित जातीबाहेर होते. गावात पाणवठ्यावर मात्र त्यांची वागणूक बदलली नव्हती. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, नवबौद्ध हा शब्द रूढ झाला. आजही २०११ ची जनगणना पाहा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख, आणि त्यांतले अनुसूचित जातीत नोंदलेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांतल्या बहुतेकांनी जात लिहायची नाही म्हणून लिहिली नसावी, असे मला वाटते. त्यांनी ती सोडली होती. समाजाने सोडली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि रकाना एकच आहे.

यंत्राची वही आखणाऱ्याला इथे दोन वेगळे संबंध लिहावे लागतील. एक, माणूस स्वतःला काय म्हणवतो. दुसरा, इतर त्याला काय मानून वागवतात, आणि केव्हापासून. पहिला बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलला असे यंत्राने धरता कामा नये. अशा वहीला कोणते प्रश्न विचारून तपासायचे, याचीही या शास्त्रात १९९५ पासून रीत आहे. आधी प्रश्नांची यादी लिहायची, मग वही, मग ती उत्तरे देते का ते पाहायचे. धर्मांतरानंतर ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण कुणाला? जात न लिहिलेल्या बापाच्या मुलीला प्रमाणपत्र कोणत्या नोंदीवर? तिने वहीच्या मागच्या पानावर असे अकरा प्रश्न माझ्यासमोर लिहिले. त्यातल्या चारांना आजच्या कायद्यात सरळ उत्तर नाही.